उलट उत्तर नाही!

कुणाचं दूध उतू जातं, कुणी चुकीच्या लग्नात जेवून येतं. माणूस आहे, घोळ व्हायचेच. पण मी जो घातला ना, तो ऐकून हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरत नाहीये.

माझा धंदा जाहिराती लिहिण्याचा. लोणची, बनियन, डासांच्या उदबत्त्या, कशावर म्हणून लिहिलं नाही! बायको मालती, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शनिवार पेठेत दोन खोल्यांचं घर, आणि त्या दोन खोल्यांत तीस वर्षं नुसती चकमक. मी म्हणावं, "उपम्यात मीठ नाही." तिनं वळूनही न बघता म्हणावं, "तुमच्या जाहिरातींत तरी कुठे असतं?"

चिडायचो मी. पण खरं सांगतो, त्या उत्तरांसाठीच घरी लवकर यायचो.

त्या वर्षी मालती निवृत्त होणार होती. जन्मभर शाळेच्या घंटेवर धावलेली बाई. मनगटावर लग्नातलं घड्याळ, त्याची काच तडकलेली. एक दिवस म्हणाली, "एक वस्तू फक्त माझ्यासाठी घेणार. माझ्या पैशानं. भारीतलं घड्याळ!" जंगली महाराज रस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेत तिनं ते हेरूनही ठेवलं होतं. सोनेरी, नाजूक पट्ट्याचं. जाता-येता ती तिथे थांबायची आणि मी "चल, चल" करायचो.

आणि नेमकं त्याच दुकानाचं काम माझ्याकडे आलं!

मालक बापूशेठ. म्हणाले, "परदेशी माल आहे. गिऱ्हाईक म्हणजे पुरुष. त्याला हसवा, की खिसा उघडलाच!" मी म्हटलं, हसवू की. चित्रात एक साहेब स्वतःच्या मनगटाकडे प्रेमानं बघतोय, मागे कमरेवर हात ठेवून बायको कडाकडा भांडतेय. खाली माझी ओळ: 'सुंदर. वेळेवर. आणि उलट उत्तर नाही!'

बापूशेठ हसून हसून खुर्चीतून पडायचे तेवढे राहिले. "कुठून सुचतं हो तुम्हाला?"

मी कॉलर ताठ करून म्हणालो, "घरचाच माल आहे!"

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

फलक लागला स्वारगेटच्या चौकात. आठवड्याभरात आम्ही दोघं तिथूनच बसनं चाललो होतो. मालतीनं मान वर केली, वाचलं आणि म्हणाली, "कोण हो हा गाढव? तुमच्याच धंद्यातला असणार."

सरळ कबूल करून टाकायचं ना? घरी चार शिव्या बसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मी म्हणालो, "मुंबईचा असेल कुणीतरी. पुण्यात असलं कोण लिहितंय!"

पटलं तिला. मुंबईबद्दल काहीही सांगा, शनिवार पेठेत पटतं.

पण घरी येऊन तिनं चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "वर्तमानपत्राला पत्र धाडायचं." आता आमच्या पेठेचं कसं आहे, नळाला पाणी आलं नाही तर माणूस आधी संपादकांना कळवतो, मग महापालिकेला. "मला आकडे जमतात, शब्द नाही," मालती म्हणाली. "तुम्ही लिहा. खाली माझं नाव नको. 'एक शिक्षिका' एवढंच घाला."

लिहिलं हो मी! नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि लेखकाची खोड वाईट, पत्र जमलं झकास. 'स्वतःच्या कमाईनं स्वतःसाठी घड्याळ घ्यायला निघालेल्या बाईला तुम्ही दारातच सांगता, की तू आमचं गिऱ्हाईक नव्हेस, तू आमचा विनोद आहेस.' वाचताना मालतीनं पदरानं डोळे टिपले. "तुम्हाला कळतं हो," म्हणाली. तीस वर्षांत माझ्या लिखाणाचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पत्र छापून आलं, त्याच दुपारी बापूशेठांचा फोन. "कुणा मास्तरणीनं झोडपलंय आपल्याला! असं उत्तर द्या, की बाईनं पुन्हा पेन उचलता कामा नये!"

आता तरी काम सोडायचं? नाही सोडलं. आणि का, तेही सांगतो. पत्र इतकं झणझणीत झालं होतं, की त्याला हरवायची मलाच खुमखुमी आली! दुकानाच्या नावानं मी लिहून दिलं: 'बाईंना विनोद पेलला नाही. घड्याळही पेलणार नाही.'

मालतीनं ते सकाळी वर्तमानपत्रात दोनदा वाचलं. "हा माणूस दुष्ट आहे हो," एवढंच म्हणाली. मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

पण गप्प बसेल ती मालती कसली! शनिवारी ठेवणीतली साडी नेसून दारात उभी. "चला. पेलतं की नाही, ते त्यांना दाखवून येऊ."

"माझ्या पोटात दुखतंय."

"दुखू दे. पोट घेऊनच चला."

दुकानात शिरताच विक्रेता माझ्याकडे वळला. "साहेबांना काय दाखवू?"

"साहेब पिशवी धरायला आलेत," मालती म्हणाली. "ते सोनेरी मला दाखवा."

शेजारीच एक गृहस्थ मनगटावर घड्याळ चढवत बायकोला ऐकवत होते, "उलट उत्तर नाही, बरं का!" ती बिचारी हसली. हसली म्हणजे ओठ हलवले. माझी ओळ अशी जिवंत माणसावर चाललेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला ते बघवेना.

मालतीनं घड्याळ बांधलं. हात लांब धरला, जवळ घेतला, कानाशी नेला. चौथीतल्या मुलीसारखी दिसत होती. "शोभतंय ना हो?" तिनं विचारलं.

मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात आतलं काचेचं दार उघडलं.

"या, या, लेखकमहाशय!" बापूशेठ दोन्ही हात पसरून आले. "आणि या वहिनी! वहिनी, ती ओळ तुमच्यावरूनच सुचली बरं का! हेच म्हणाले, घरचाच माल आहे! आणि त्या मास्तरणीचं तोंड काय बंद केलंय यांनी! वाचलंत की नाही?"

मालतीनं शांतपणे पट्टा सोडवला. घड्याळ मखमलीवर ठेवलं, नीट सरळ केलं.

"वाचलं," ती म्हणाली. "ती मास्तरीण मी. माझं पत्रही यांनीच लिहिलंय. तेवढं मात्र फुकट."

बापूशेठ आधी हसले. मग थांबले.

ते मालतीचं शेवटचं उत्तर.

तशी बोलते ती. गॅस संपलाय, फोन आलाय, भाजी कुठली आणू. रागावत नाही, रुसत नाही. मी माफी मागितली, तर "बरं" म्हणाली. तेच घड्याळ घेऊन आलो आणि निवृत्तीच्या दिवशी तिच्यापुढे ठेवलं, तर "छान आहे" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. मनगटावर अजून तडकलेलंच आहे. चहा सहाच्या ठोक्याला, जेवण एकच्या.

अधूनमधून मी मुद्दाम डिवचून बघतो. कालच म्हटलं, "उपम्यात मीठ नाही." आणि आशेनं तिच्या पाठीकडे बघत बसलो. तिनं मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली.

सुंदर. वेळेवर. आणि उलट उत्तर नाही.

लोणची, बनियन, उदबत्त्या, जन्मभर धादांत खोटं लिहिलं हो मी! ही एकच जाहिरात शब्दन् शब्द खरी निघाली.