'काय फसले?' हा रकाना

विषय : आरोग्यसेविका सुमन सिस्टर यांना दिलेली 'कारणे दाखवा' नोटीस मागे घेणेबाबत.
संदर्भ : त्यांचा स्वतःचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सरकारी आरोग्य कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केली की किस्से फायलींसारखे साठतात. फरक एवढाच, की किस्से मागितले तर सापडतात! पुढचे सगळे एकाच कॉम्प्युटर प्रोग्रामचे आहेत. नोटीस त्यातूनच निघाली आणि सिस्टरांची बढती तिच्यावर अडली, म्हणून आधी विषय लिहून घेतला.

* * *

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जिल्ह्यात आरोग्याचे बरेच नवे प्रयोग चालू होते. एका केंद्राला जमलेलं दुसऱ्याला कळावं म्हणून प्रोग्राम करून घ्यायचं वरून ठरलं. काम महेशला मिळालं. तो शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांचे, प्रोग्राम करायचा. त्याने फौंड्रीचाच प्रोग्राम उचलला आणि नावं बदलली. सगळी नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी 'कुटुंब नियोजन' उघडलं. खाली विचारलं होतं, "रिजेक्शनचे कारण : साचा सरकला / भेग / पोकळी."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे काय आहे?"

"फौंड्रीत रोज सकाळी वाया गेलेला माल टेबलावर मांडतात, साहेब. कशानं गेला ते लिहिल्याबिगर शिफ्ट सुरू होत न्हाय."

"आमच्याकडे काही वाया जात नाही."

"मग शिकता कशातनं?"

रकाना काढायचा तर नवा प्रस्ताव पाठवावा लागला असता. म्हणून रकाना राहिला, नाव बदललं : 'काय फसले?'

* * *

केंद्रांनी माहिती फ्लॉपीवर पाठवायची, महेशने ती एकत्र करून पुन्हा सगळ्यांना वाटायची, अशी पद्धत.

पहिल्या महिन्यात 'काय फसले?'समोर ओळीने उत्तरं आली. निरंक. निरंक. निरंक. एका केंद्राने लिहिलं, "निरंक, मागील महिन्याप्रमाणे." मागील महिना नव्हताच!

महेशने चिडून 'निरंक' हा शब्द प्रोग्रामने घेऊच नये अशी सोय केली. दुसऱ्या महिन्यात आलं, "सर्व सुरळीत." एकाने जरा जास्त कष्ट घेतले : "वरिष्ठांच्या मार्गदर्शनामुळे फसण्यास वाव मिळाला नाही."

* * *

शिरोळकडच्या एका नदीकाठच्या केंद्राने मात्र 'काय जमले?'मध्ये खरं काम लिहिलं : पुरात होडीतून लस पोचवली. महेश खूश. आता बाकीचे शिकतील म्हणाला.

शिकले. पुढच्या महिन्यात डोंगरातल्या एका केंद्रानेही होडीतून लस पोचवली.

मी फोन केला. "अहो, तुमच्याकडं नदी न्हाय, उन्हाळ्यात प्यायला टँकर येतोय. होडी कुठली?"

"भाऊसाहेब, देवाणघेवाणीचा प्रोग्राम हाय न्हवं? त्यांनी दिली, आम्ही घेतली की!"

* * *

साहेब स्क्रीनवरचं वाचत नसत. त्यांचा प्रश्न सरळ होता, "याच्यावर शेरा कुठे मारायचा?"

म्हणून मी प्रत्येक नोंदीची प्रिंट काढायचो, आवक क्रमांक टाकायचो आणि टेबलावर ठेवायचो. नोंद होती तोवर ती नुसती माहिती असायची. आवक क्रमांक पडला की तिचा कागद व्हायचा, आणि कागदावर कार्यवाही करावी लागते.

* * *

सुमन सिस्टर कळंब्याच्या पुढच्या एका उपकेंद्रात होत्या. पंधरा वर्षं नोकरी, एकही शेरा नाही, बढतीच्या यादीत नाव. त्यांनी रकाना वाचला आणि उत्तर दिलं! जिल्ह्यात असं कुणी केलं नव्हतं.

"आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसेच लसीच्या पेटीत ठेवले. लस गोठली. नंतर हलवून पाहिली तर तळाशी कण बसले. मुलांना टोचली नाही, बाटल्या बाजूला काढल्या. आयांना परत पाठवले, बोलणी खाल्ली. आइसपॅक आधी बाहेर ठेवून घामेजू द्यावेत."

महेशने टेबलावर हात मारला. "भाऊसाहेब, पहिला खरा माल आला!"

मी प्रिंट काढली. साहेबांनी शेरा मारला, "लस वाया. खुलासा घ्यावा." नोटीस मीच टाइप केली. दोन चुका झाल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या.

तिसऱ्या दिवशी सिस्टर नोटीस घेऊन माझ्यासमोर उभ्या. "काय फसलं म्हणून तुम्हीच विचारलासा. सांगितलं. आता का सांगितलं म्हणून विचारताय व्हय?"

"लेखी खुलासा द्या, सिस्टर."

"त्योच तर रकान्यात लिवलाय!"

शेवटी त्यांनी नोटीस मागे घेण्याचा अर्ज दिला. यादी दोन महिन्यांत निघणार होती, आणि नोटीस असलेलं नाव यादीत राहत नाही.

त्या आठवड्यात त्यांना जिल्हाभरच्या सिस्टरांचे फोन आले, "आइसपॅक किती वेळ बाहेर ठिवू गं?" महिनाअखेरीस त्या सगळ्या केंद्रांचा रकाना : सर्व सुरळीत.

* * *

मग पुण्याच्या बैठकीचं पत्र आलं. 'काय फसले?'चा एक चांगला नमुना पाठवा, आणि ज्याने लिहिला त्यानेच येऊन तो समजावून सांगावा.

जिल्ह्यात नमुना एकच होता. पण खुलासा प्रलंबित असलेल्या कर्मचाऱ्याला बैठकीला पाठवायचा रिवाज नव्हता. साहेब स्वतः गेले.

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक. "नोंद वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. आता विचारतायत, आइसपॅक पुरेसे घामेजले हे नेमकं कसं ओळखायचं? हॉलच्या बाहेर उभा आहे. विचारा कुणालातरी."

सिस्टर अर्जाची चौकशी करायला माझ्यासमोरच बसल्या होत्या. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"साहेब, आइसपॅक कानाजवळ धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की पेटीत ठिवायचा."

"वाजलं पाहिजे?"

"व्हय. वाजलं पाहिजे."

"कोणत्या कानाजवळ?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठल्याबी, साहेब. आणि माझ्या अर्जाचं?"

फोन बंद झाला होता.

साहेब जिल्ह्यासाठी प्रशस्तिपत्र घेऊन आले. यादी वेळेवर निघाली. सिस्टरांचं नाव तीत नव्हतं. मी निवृत्त होताना त्यांची फाइल पुढच्या कारकुनाच्या ताब्यात दिली आणि पोच घेतली.

अर्ज प्रलंबित आहे.