मैदानाचा रिकामा रकाना

सबनीसबाई गेल्या, हे मला त्यांच्या दाराला कुलूप दिसल्यावर कळलं. रविवारची सकाळ होती. तीन जिने चढून वर गेलो तर दारावर हे भलं मोठं कुलूप. कडी वाजवत राहिलो, कशासाठी कोण जाणे. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. "अहो पेडणेकर, तुम्हाला कुणी कळवलं नाही? बाईंना जाऊन आज सहा दिवस झाले." मी तिथेच पायरीवर बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. हृदयविकाराचा झटका आला, पुण्याहून भाची आली, दोन दिवसांत सगळं आटोपून गेली... त्या सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. गेले तीन रविवार मी 'येतो, येतो' म्हणत होतो आणि आलो नव्हतो. एकदा मुलीच्या शाळेचं गॅदरिंग, एकदा पाहुणे, एकदा काहीच नाही. खरं सांगायचं तर बाईंचा मला कंटाळा आला होता. हे लिहायची लाज वाटते, पण बाईंबद्दल गुळमुळीत लिहिलं तर त्यांनीच मला फैलावर घेतलं असतं, म्हणून लिहितो.

आमची ओळख ऑफिसातली. खाडीवरचा पूल नवा होता आणि पलीकडे नवी मुंबई वसवायचं घाटत होतं, तेव्हाची गोष्ट. मी मालवणकडून आलेला, आरेखक म्हणून नुकताच चिकटलेला. आमच्या नकाशात रस्ते होते, सेक्टर होते, माणूस एकही नव्हता. बाई समाजविकास विभागात होत्या. बालवाड्या, उन्हाळी शिबिरं, बागा, खेळाच्या जागा, हे सगळं कुठे आणि कसं करायचं ते त्या ठरवायच्या. म्हणजे सुचवायच्या, ठरवायचे दुसरेच. चाळिशीच्या, दादरला वाढलेल्या, लग्न न केलेल्या. आवाज असा की मजल्यावरच्या पंख्यांनीसुद्धा दचकावं. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "पेडणेकर, हा हिरवा रंग तुम्ही कुणाला विचारून भरलात?" मी म्हटलं, साहेबांना. "आणि तिथे राहतात त्यांना?" मी ब्रश खाली ठेवला. "मग उठा. चला माझ्याबरोबर."

असा मी बाईंबरोबर खाडीकाठच्या त्या गावात पहिल्यांदा गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. गावाच्या नाकासमोर आमचा नवा सेक्टर उभा राहत होता आणि मधल्या पट्ट्यात लोकांच्या करमणुकीसाठी काही करायचं होतं. काय करायचं, हे लोकांना विचारायचं, असा बाईंचा हट्ट. ऑफिसात सगळे हसले. पण बाईंनी फॉर्म तयार केला, सायक्लोस्टाइल करून घेतला आणि आम्ही दोघं घरोघर फिरलो. 'आपणांस कोणत्या सोयी हव्या आहेत?' असं वर लिहिलेलं आणि खाली रकाने: बाग, वाचनालय, बालवाडी, व्यायामशाळा, मैदान, समाजमंदिर. बाई विचारायच्या, मी खुणा करायचो. लोक आम्हाला बसायला घोंगडी टाकायचे, काळा चहा द्यायचे. सुकट भाजल्याचा वास आला की बाई बिनदिक्कत म्हणायच्या, "जेवायलाच थांबते." हिरूबाय नावाची एक मासे विकणारी बाई होती, तिच्याकडे तर त्यांची कायमची पंगत. हिरूबायनं आमच्या फॉर्मला ठसक्यात उत्तर दिलं होतं. "बाग पायजे. मी मुंबैला मासली इकाला जातंय, तिथं बगलीय. पोरांना झोका पायजे, म्हातारीला बसाला बाक पायजे. लिव." मी लिहिलं.

सगळे फॉर्म मोजायचं काम माझं. बागेचा रकाना खुणांनी भरून वाहत होता, बालवाडीचाही बरा होता. मैदानाच्या रकान्यात एकही खूण नव्हती. मी हसत हसत बाईंना म्हणालो, "मैदान कुणालाच नकोय, बाई." त्या खूश झाल्या. "चला, निर्णय सोपा झाला." त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मजल्याला बटाटेवडे खिलवले. लोकांना विचारून आखलेली ही इथली पहिली बाग, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला अजून दिसतो आणि तो दिसू नये असं वाटतं.

कारण गावाला मैदान होतं. त्या मधल्या पट्ट्यातच होतं. सरकारी दप्तरात ती जमीन पडीक म्हणून नोंदलेली आणि आम्ही गेलो ते पावसाळ्यात, तेव्हा तिथे गुडघाभर गवत. आम्हाला ती मोकळी जागा दिसली. बागेला याहून चांगली जागा कुठली? गवत काढलं की तिथे काय असतं, हे ना आम्ही विचारलं, ना कुणी सांगितलं. दर वर्षी होळी झाली की सगळं गाव खाडीची माती टोपल्यांनी आणून ती जागा चोपायचं, बायका पाणी मारायच्या, आणि मग पाऊस पडेपर्यंत तिथे कबड्डी. हिरूबायचा काशीनाथ तिथलाच तयार झालेला. आसपासच्या गावांत त्याच्या पकडीची दहशत होती, हे मला पुढे कळलं.

मैदानाचं कळलं ते कुंपणाचे खड्डे खणायला माणसं आली त्या दिवशी. हिरूबाय डोक्यावरची पाटी खाली टाकून धावत आली. "बाय, आमचा मैदान कशाला खनतान?"

बाई म्हणाल्या, "अगं हिरूबाय, इथे बाग होतेय. तूच तर मागितलीस."

"बाग मांगली ना. मंग बाग करा. पन मैदान कशाला घेतलाव?"

"मैदान कुणी मागितलंच नाही गं. एकानंही नाही."

हिरूबाय बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला राग आला नव्हता, समजत नव्हतं. "मैदान त हाय ना आमचा," ती म्हणाली. "जो हाय तो कशाला मांगाचा?"

बाई जीपकडे वळल्या. ऑफिसात येऊन त्यांनी कपाटातून सगळे फॉर्म काढले आणि माझ्या टेबलाशी बसून एकेक पुन्हा वाचला. संध्याकाळी मान वर करून म्हणाल्या, "पेडणेकर, तुम्हाला घरी कुणी विचारलं, काय हवंय, तर तुम्ही 'आई हवी' असं सांगाल का? आई असताना?" माझी आई तेव्हा गावी होती. मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला पुढचं काम उरकायचं होतं. त्यानं बाईंचाच अहवाल उघडून दाखवला. "बाई, तुमची सही आहे. मैदानाची मागणी निरंक." बाई म्हणाल्या, अहवाल चुकलाय. "मग चूक कुणाची ते लेखी द्या." त्याला वाटलं असेल, आता या गप्प बसतील. बाईंनी तिथल्या तिथे कागद ओढून लिहून दिलं: चूक माझी, प्रश्नच चुकीचा विचारला गेला, काम थांबवावं. काम थांबलं नाही. तो कागद मात्र त्यांच्या सेवापुस्तकात जाऊन बसला आणि निवृत्तीपर्यंत त्यांची बढती खात राहिला. फॉर्म मी मोजले होते, पहिला विनोद मी केला होता. मी काहीही लिहून दिलं नाही.

बाग झाली, आणि चांगली झाली, हेच तर दुखणं आहे. हिरवळ, घसरगुंडी, झोके, कडेनं जास्वंद. सोसायट्यांमधून राहायला आलेली आमच्यासारखी माणसं संध्याकाळी पोराबाळांना घेऊन यायची. फाटकावर पाटी लागली: 'कबड्डी, क्रिकेट खेळण्यास मनाई'. गावातली पोरं सुरुवातीला उड्या मारून आत यायची, वॉचमन शिट्टी फुंकत मागे धावायचा. पुढे ती यायची बंद झाली. हिरूबायच्या सासूला बाक पाहिजे होता ना? ती म्हातारी एकदाच आली. रंगीत साड्यांमध्ये आपलं नऊवारी लुगडं घेऊन पाच मिनिटं अवघडून बसली आणि उठून गेली. माझी मुलगी त्याच हिरवळीवर पहिलं पाऊल टाकायला शिकली. एकदा मी तिला झोक्यावर बसवून भेळ खात उभा होतो, तर कुंपणाबाहेर बाई. "या ना आत," मी म्हणालो. "नको. तुम्ही बसा." मुलीकडे बघून हसल्या, तिचं नाव विचारलं आणि चालू लागल्या. माझ्या हातातली भेळ मला जाईना. चोरी करताना कुणी पाहिल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन पुन्हा तिथेच गेलो, कारण ती झोका झोका करून रडत होती.

बाईंनी काय काय नाही केलं! रस्त्याच्या पलीकडे, नाल्याला लागून एक भरावाची जागा भांडून मिळवली. खडी वेचून घेतली, चुन्यानं रेघा मारल्या, कबड्डीच्या स्पर्धा जाहीर केल्या, कप आणला, लाउडस्पीकर लावला. गावातलं कुणी आलं नाही. आमच्याच ऑफिसातल्या ढेरपोट्या कारकुनांच्या दोन टीम खेळल्या, त्यातला एक पहिल्याच चढाईत गुडघे फोडून घेऊन बसला. बाई गावात गेल्या तेव्हा काशीनाथ त्यांना शांतपणे म्हणाला, "बाय, त्या खडीवर पडलं तर हाड मोडंल. आमचा मैदान आज्यानं चोपलाय, त्याच्या आज्यानं चोपलाय. तसा तुमी कसा करनार?" बाईंनी तो कप परत आणून ऑफिसातल्या कपाटावर ठेवला. पुढे त्यात कुणी टाचण्या ठेवायला लागलं.

मग अर्ज सुरू झाले. दर वर्षी होळी झाली की बाई अर्ज करायच्या: बागेचा निम्मा भाग मोकळा करून गावाला मैदान द्यावं. सोबत गावाच्या सह्या आणि अंगठे, सोबत मी काढलेला नकाशा. निवृत्त झाल्यावरही चालूच. पेन्शनीच्या फेऱ्या असाव्यात तशा त्या ऑफिसात यायच्या आणि नवीन आलेली पोरं एकमेकांना डोळे मिचकावायची. पहिल्या वर्षी 'प्रकरण विचाराधीन आहे' असं उत्तर आलं, पुढे तेही येईना. मी म्हणायचो, "बाई, पुरे आता. कशाला टेन्शन घेता?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी त्यांना शब्द दिलाय, पेडणेकर. त्यांचं होतं ते मी घालवलं, ते परत केल्याशिवाय मी मरायची नाही." यंदाही नकाशा मागितला होता. तोच पट्टा, तीच रेघ, इतक्या वर्षांत हाताला पाठ झालेली. तासाभराचं काम. तेवढं मी तीन रविवार टाळलं आणि बाई मेल्या... शब्द पुरा न करता मेल्या.

त्या बंद दारावरून मी घरी आलो आणि नकाशा काढायला बसलो. रडत काढला म्हणालात तरी चालेल. वाटलं, निदान यंदाचा अर्ज जाऊ दे, बाईंच्या नावानं जाऊ दे. सह्या घ्यायला गावात गेलो. बऱ्याच वर्षांनी गेलो, सह्यांचं काम बाई स्वतःच करायच्या. हिरूबाय ओसरीवर जाळं सांधत बसली होती, आता थकलेली. बाई गेल्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग मी नकाशा उलगडला. काशीनाथ कुठाय म्हणून विचारलं.

"काशा न्हावा शेव्याच्या बंदरान. पेट्या उतरवतंय. त्याच्या बरोबरची दोघं कलंबोलीला टरक चालवतान. घरान फक्त झोपाला येतान. खेलाला कोन हाय आता?"

"त्यांची पोरं खेळतील ना."

"त्यांना कबड्डी येत नाय. त्यांनी बगलीच नाय." तिनं नकाशावरून हात फिरवला. "मैदान दिलाव तरी आता त्यावं गवतच येल."

मी म्हटलं, "मग हिरूबाय, तुम्ही बाईंना हे सांगितलं का नाही? त्या दर वर्षी येत होत्या, उन्हातान्हात चपला झिजवत होत्या."

"सांगाचा कसा रं? ती त्याच्यावरच जगत व्हती." हिरूबायनं जाळं बाजूला केलं. "ती यायची, बोलायची, सही दे. आमी सही देत व्हतो. जेवून जायची. तुमाला आजून पायजे का, असा तिनी कदी इचारलाच नाय."

मी नकाशाची घडी घातली. हिरूबायनं डोळे पुसले आणि डावा अंगठा माझ्यासमोर धरला. "आन तुझा कागुद. बायचा हाय ना, देतंय."

मी शाईचा पॅड उघडला. तिनं अंगठा उमटवला, शेजारच्या दोघींना हाका मारून बोलावलं, त्यांनीही उमटवला. कशावर, हे कुणी विचारलं नाही. उठताना माझ्या तोंडाशी आलं होतं की हिरूबाय, मग आता तुम्हाला काय हवंय? पण नाही विचारलं. तिनं खरंच काही सांगितलं असतं तर मी काय करणार होतो? चहा घेतला आणि निघालो.