काचेच्या तळाची बोट

आमच्या बोटीत किस्से गाळासारखे साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. रोज थोडे थोडे येतात, तळाला बसतात, आणि एखाद्या संध्याकाळी चहा पिताना कोणीतरी नको तिथे चमचा फिरवतं की सगळे वर!

आमची बोट म्हणजे तरंगता दवाखाना. जिथे रस्ता संपतो आणि नर्मदेच्या धरणाचं पाणी सुरू होतं, तिथून ती मणिबेलीकडच्या पाड्यांवर जाते. माणसं मोजकी. बोट चालवणारे वेस्तादादा, औषधं सांभाळणाऱ्या नवापूरच्या रोझलिन सिस्टर, पाड्यांवरच्या बाळंतिणींकडे बघणारी रुमलीबाई, आणि आम्हाला जीपने काठापर्यंत सोडणारे धानोऱ्याचे हिंमतदादा. शिवाय मी. बंगळूरला शिकून, जग बदलायचं तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून, असं ठरवून परत आलेली!

तर झालं असं, की संस्थेच्या एका हितचिंतकांनी आम्हा सगळ्यांची अंदमानची तिकिटं काढून दिली. सहलीत एक दुपार मोकळी होती. त्या दुपारी कुठल्या बोटीतून फिरायचं ते आम्हीच ठरवायचं. सफर मात्र एकच, सगळ्यांनी मिळून.

बातमी ऐकून हिंमतदादा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बोटमाच बठानं शे त इतलं दूर कसाले जानं? आपली बोट काय वाईट शे का?"

हा माणूस आजवर त्या बोटीला 'डबडं' म्हणत आला होता. वेस्तादादांनी पिशवी उघडून त्यांना स्वतःची तंबाखू दिली. न मागता!

*

पहिला नंबर 'सनसेट क्रूझ'चा. मी मोबाइलवर फोटो दाखवला. केशरी आभाळ, पांढरी बोट, हातात ग्लास घेतलेली माणसं.

"यात काय करायचं?" वेस्तादादांनी विचारलं.

"सूर्य बुडताना बघायचा."

"मग?"

"मग काही नाही. परत यायचं."

वेस्तादादांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "ताई, इथं सूर्य बुडायच्या आत काठाला लागलो नाही तर सिस्टर माझा जीव खातात. आणि तिथं तो कधी बुडतो याची वाट बघत बसायचं? ते बी सिस्टरना शेजारी घेऊन?"

सनसेट तिथेच बुडाला.

*

मग चौकशीचं काम सिस्टरनी अंगावर घेतलं. पोर्ट ब्लेअरच्या एजंटला फोन लावला आणि खास दवाखान्याच्या आवाजात विचारलं, "आपके बोट में एक टाइम को कितने पेशंट बैठते हैं?"

पलीकडून दुरुस्ती आली.

"मैडम, पेशंट नहीं. टूरिस्ट."

"हां हां, वही. और खाली पेट आने का, के खाके?"

"मैडम," एजंट काकुळतीला आला, "हम लोग सुई नहीं लगाते!"

*

माझं मत पहिल्यापासून काचेच्या तळाच्या बोटीला. बसल्या जागी पायाखालचा समुद्र दिसतो. मासे, वाळू, पोवळ्यांची बेटं. मी पेटूनच बोलले. पोवळं हा दगड नाही, जीव आहे! तो मरतो आहे! डोळ्यांनी बघितलं तरच माणसाला वाचवावंसं वाटतं! बंगळूरच्या वर्गात अशा भाषणावर टाळ्या पडायच्या.

"पोवळं?" हिंमतदादांनी बोटातली अंगठी पुढे केली. "हाई दखा. नंदुरबारना सोनारनी दिधं. मंगळसाठे."

"आणि तळ काचेचा?" वेस्तादादांना वेगळीच काळजी. "फुटला मग?"

रुमलीबाई कोपऱ्यात बसून बँडेजच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"ताई, खालचं दिसतं?"

"सगळं दिसतं."

"जमीन बी?"

"जमीनसुद्धा."

"मग मी तुमच्याकडून."

एका माणसावर तरी भाषणाचा परिणाम झाला म्हणून मी खूश!

*

रुमलीबाईचा एक जुना किस्सा इथेच सांगते.

बोटीतला माझा पहिला दिवस. पाणी संथ, दोन्ही बाजूंना डोंगर. मध्येच वेस्तादादांनी मशीन हळू केलं आणि हाक दिली, "रुमली, अंगण आलं!"

रुमलीबाईने पायातल्या चपला काढून मांडीवर घेतल्या. सिस्टरनीही काढल्या. माझी खात्रीच पटली, बोटीला भोक पडलं आणि पाणी आत शिरतंय! मी बूट काढले, डोक्यावर धरले आणि ओरडले, "लाइफ जॅकेट!"

अख्खी बोट हसली. सगळ्यांत जास्त रुमलीबाई. डोळे पुसून तिने बोटाने पाणी दाखवलं.

"आमचा जुना पाडा आहे, ताई. धरण भरलं तेव्हा खाली गेला. हे आमचं अंगण. तिकडे गावदेव. आणि बूट काढले ते बरं केलं. तुम्ही बसलात ना, तिथं आईची चूल होती."

मी शिकून परत आले तेव्हा तापीकाठचं आमचं घर, ओटा, केळीची बाग, सगळं जागच्या जागी होतं. त्यात काही विशेष आहे, असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

*

आता मतदान. शेवटच्या क्षणी हिंमतदादांनी तिसरीच बोट पुढे आणली. 'डिनर क्रूझ विथ डीजे'!

"जिंदगीभर दुसरासन्या वरातमा गाडी चालाडी," ते उभे राहून म्हणाले. "आते एक डाव मी बी नाचसू!"

वेस्तादादांचा हात लगेच वर गेला. जेवण आयतं म्हणून सिस्टरचा गेला. हिंमतदादांचे तर दोन्ही!

काचेच्या बाजूने आम्ही दोघी. मी हात खाली घेतला. रुमलीबाईचा वरच.

"रुमलीबाई, हरलो आपण."

"हां, कळलं ना." तिने तोच हात माझ्यापुढे केला. "फोन लावून द्या. माझं वेगळं काम आहे."

*

मी त्याच एजंटचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाइल तिच्या हातात दिला. रुमलीबाई घरी भिली बोलते, आमच्याशी मराठी. हिंदी बोलताना तिला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"भाऊ, वो काच का बोट इधर भेजते क्या?"

"इधर मतलब किधर, मैडम?"

"नर्मदा पे. मणिबेली के अलीकडे."

"रिसॉर्ट का नाम बताइए."

"रिसॉर्ट नहीं. घर है मेरा."

"घर पे बोट का क्या करेंगे, मैडम?"

"घर नीचे है. पानी में."

हिंमतदादांच्या हातातला कप तसाच राहिला. एजंट भला माणूस असावा, हसला नाही. त्याने हळूच विचारलं, "मैडम, उधर पानी साफ है?"

"नहीं. गढूळ."

"फिर तो बोट भेजके भी फायदा नहीं. कांच से कुछ नहीं दिखेगा."

"नहीं दिखा तो चलेगा, भाऊ," रुमलीबाई म्हणाली. "किधर क्या है, मेरे को सब मालूम. मेरे को खाली काच होना."