बाजेवरून भुईवर

निजामाच्या राज्यात एका थंडीत माझी सासू आजारी पडली. चौसाळ्याच्या वैद्याने हात टेकले, तसं तिला बाजेवरून उचलून सारवलेल्या भुईवर घेतलं. बाजेवर जीव गेला तर गती मिळत नाही, असं आमच्यात मानतात. सासू मात्र शुद्धीवर होती.

"वर घे रे मला, लई गार लागतंय."

"बाजेवर मेलीस तर भूत होऊन फिरशील, माय," थोरला दीर म्हणाला.

"फिरंन की. आदी वाकळ दे."

वाकळही दिली नाही. मढ्याबरोबर ती टाकून द्यावी लागली असती. दुसऱ्या दुपारपर्यंत सासू कुडकुडत होती, मग गेली. दिराने लगेच चुलीवर हंडा चढवला आणि आम्ही जावांनी तिला कढत पाण्याने अंघोळ घातली.