चढावरचा दसरा
तापलेल्या पत्र्यावर करपलेल्या झेंडूचा उग्र वास आला की मला मुळशीच्या चढावरचा तो दसरा आठवतो. बहिणीच्या पोटात मूल आडवं होतं. सुईणीने हात टेकले आणि पुण्याला न्या म्हणाली. बहिणीच्याच हट्टाने मी कॉलेजात शिकत होतो आणि सणाला घरी आलो होतो. मेव्हण्यांच्या जुन्या पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघं दाटीने बसलो. अर्ध्या चढावर इंजिनातून वाफ उसळली. सणामुळे रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. पायांखालचा पत्रा चटके देत होता, पण बहिणीने माझं मनगट असं आवळलेलं की मला उतरताही येईना. मेव्हण्यांनी पाणी ओतलं, पंख्याचा पट्टा चाचपला. थोडं पुढे जाताच पुन्हा वाफ. "पानी हाय, पट्टा बी धड हाय, मग ही तापतीया कशानं?" ते रडकुंडीला आले. बहीण काचेतून समोर, बॉनेटच्या कडेवर डोकावणाऱ्या झेंडूकडे बघत होती. पुढच्या जाळीवर सकाळच्या पूजेतला खण आणि झेंडूचे जाड हार गच्च बांधलेले होते. "आवं, तोंड बांधलंय तुमी तिचं! वारं कुटनं लागंल?" मेव्हणे घुटमळले. "आजच्या सनाला पूजा मोडू व्हय?" "मग त्यातलाच एक हार मला घाला, आन् जावा माघारी!" मेव्हण्यांनी दोन्ही हातांनी ते सगळं ओरबाडून काढलं. इंजिन निवल्यावर गाडी जी निघाली ती थांबली नाही. मनगटावरची पकड मात्र दवाखान्याच्या दारातच सुटली. संध्याकाळी भाची झाली, दोघी सुखरूप. आता तीच भाची मला औषधं आणून देते आणि "मामा, जेवलास का?" म्हणून दरडावते; आवाज अगदी तिच्या आईचा.