पंपावर ठेवलेला हात

त्या वर्षी मोठ्या तापातून मी उठलो, पण कान गेले ते गेलेच. जवळ येऊन कुणी मोठ्याने बोललं तर कळायचं. इंजिनाची टकटक मात्र कळेना. मुरबाडला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज, आणि टायमिंग, म्हणजे डिझेल नेमक्या क्षणी पेटणं, बिघडलेलं मी आजवर कानानेच ओळखत आलो होतो. ग्रामदेवीसमोर रोज उभा राहायचो; पण माझीच भाकर का हिरावलीस, एवढंच मनात यायचं.

अशात एका सकाळी आमच्या भागातल्या नर्सबाईंची जुनी डिझेल गाडी दारात येऊन बंद पडली. मागच्या सीटवर ठाकरवाडीतली एक म्हातारी, मांडीवर तापाने फणफणलेली नात. पोरीला शहापूरला दवाखान्यात न्यायचं होतं आणि एसटी नुकतीच गेली होती. "चढाला दमच नाही, पांढरा धूर ओकतेय!" बाई माझ्या कानाशी ओरडल्या.

टायमिंग मागे पडलंय हे धुरावरूनच दिसत होतं, पण कशाने? इंजिनातला टायमिंगचा पट्टा पाहिला, त्याच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळत होत्या. इंजिन सुरू करून कान लावला, तर नुसती घरघर. डोळे भरून आले. मनात म्हटलं, आई, मला जमत नाही. आता तूच बघ.

मान वर केली तर म्हातारी नातीच्या पाठीवर पंजा ठेवून बसलेली. बाई तिला काही विचारत होत्या, तिचं लक्षच नव्हतं. मी खिडकीशी गेलो तशी माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "मना आयकू येत नाय रे. हातालाच कलतं, दम कसा चाललाय तो."

मी चालत्या इंजिनाच्या डिझेल पंपावर तळहात ठेवला. पंप इंजिनासोबत हलत नव्हता, स्वतःचा वेगळाच थरथरत होता. बोल्ट ढिले होऊन तो जागेवरून किंचित फिरला होता. इंजिन बंद करून पंप मूळ खुणेवर आणला, आवळला. पुन्हा सुरू केलं तसा धूर विरत गेला आणि हाताखाली एकसारखी लय लागली. गाडी निघाली.

पोर वाचली. पुढे खाऊ घेऊन वाडीवर गेलो, म्हातारीला सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. "मी तं नातीचं सांगत व्हते रे! तुजा इंजन मना काय ठावा?"

तिच्या तोंडून देवी बोलली की मीच तेव्हा ऐकायला मोकळा झालो होतो, याचा खल मी करत नाही. कान परत आले नाहीत, मीही पुन्हा मागितले नाहीत. आता कुठलंही काम आधी देवीच्या पायाशी ठेवतो, मग पाना उचलतो.