आत्याने बघितलेलं कॉलेज

बारावीनंतर रशियन शिकायचं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "डाक्टर व्हायचं न्हाई, तर रशियन कामून?" आमच्या ओळखीतला कोहिनूर गावचा एक मुलगा डॉक्टरकीला रशियात गेला होता. त्याचा व्हिडिओ कॉल आला की मागे चाललेलं बोलणं ऐकू यायचं, आणि मला त्याचा नाद लागला. मराठी घरात, कन्नड आणि दखनी उर्दू गल्लीत, अशा आयत्या मिळाल्या. एक तरी भाषा आपण निवडून शिकावी, असं वाटायचं. गुलबर्ग्यात हा विषय नव्हता. पुण्यात आणि हैदराबादेत माझा नंबर लागला. वडील, म्हणजे आमचे अप्पा, म्हणाले, "आत्या बघून हो म्हनली तर जा. न्हाईतर गुलबर्ग्याला बी.कॉम. कर."

आत्या अप्पांची धाकटी बहीण. आमच्यात मुलगी द्यायची असली की घर बघायला हिला पुढे घालतात. पुरुष बैठकीत चहा पीत बसतात आणि ही मागच्या दारी जाऊन त्या घरातल्या सुनेला गाठते. कॉलेजही ती तसंच बघणार होती. मला भारी लाज वाटत होती, पण अडला हरी.

पुण्याचं कॉलेज झकपक होतं. विभागाचे प्रमुख मराठीत गोड बोलले आणि अप्पा तिथेच विरघळले. आत्या एका वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत एक मुलगी उभी राहून रशियन बोलत होती. ती अडखळली तसा सगळा वर्ग हसला. सरही हसले. ती खाली बसली. तास सुटल्यावर आत्याने तिला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"रोज हसत्यात व्हय?"

"म्हणून मी बोलतच नाही," ती म्हणाली.

हैदराबादची इमारत जुनी, भिंतींना ओल. तिथेही आत्या दारात उभी. तिथेही एक मुलगी चुकली. शिकवणाऱ्या बाई खडू हातात धरून नुसत्या थांबल्या. ती परत चुकली, मग नीट बोलली आणि बाईंनी पुढचं वाक्य घेतलं. वर्गात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवर चहा घेताना अप्पांनी आपलं मत सांगून टाकलं. "पुण्यालाच घालू. आपली मानसं, आपली भाषा."

"हैदराबादला घाल," आत्या म्हणाली.

"त्या पडक्या कालेजात? कामून?"

आत्याचं सासर गुलबर्ग्याजवळच्या आळंदकडचं. घरात सगळं कन्नड. लग्न झालं तेव्हा तिला कन्नड जेमतेम समजायचं, एवढंच मला माहीत होतं. तिने आवाज चढवला नाही.

"अण्णा, मला देताना तू हिरीचं पानी बघितलास, बैलं बघितलास. माझं कन्नड चुकलं की सगळं घर हसायचं. दोन वर्सं मी तोंड उघडलं न्हाई. माझ्याआधी माझ्या थोरल्या जावंची पन तीच गत झालती. तिला एकदा तरी इचारायचं हुतंस."

अप्पांचा चहा तसाच राहिला. बस लागली, माणसं चढायला लागली, तरी ते उठेनात. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हैदराबादलाच घालू."

मला हवं ते मिळालं होतं. पण त्या वेळी मला अप्पांच्या तोंडाकडे बघवेना.